सामू वाढलाय

६ एप्रिल
कामाची नोंदवही वेगळी आहे. तिच्यात झाड, तारीख आणि काय केलं एवढंच लिहायचं. "मला वाटतं" हे शब्द तिच्यात चालत नाहीत, हे पदविकेच्या सरांनी दोन वर्षं घोकून घेतलं. पण मला तर दिवसभर काही ना काही वाटतच असतं. ते कुठेतरी ठेवायला ही दुसरी वही.

आज माझ्या नोकरीचा सहावा दिवस. उद्यान सहायक, मुदत तीन महिने. जूनअखेर अधीक्षक ठरवणार, ठेवायचं की नाही. डोळ्यांच्या रुग्णालयाला उद्यान सहायक कशाला, असं कुणीही विचारेल. इथे व्हरांड्यासमोर हायड्रेंजियाची अठरा झुडपं आहेत. बाबांनी माझ्या जन्माआधी लावलेली. जूनमध्ये त्यांना नारळाएवढे निळे गुच्छ येतात. डोळ्यावरची पट्टी काढली की सिस्टर पेशंटला हात धरून आधी तिथे आणते आणि विचारते, "रंग कोणता?" पेशंट म्हणतो, "निळा." सिस्टर कागदावर बरोबरची खूण करते. पट्टी सुटलेली माणसं तिथे रडतात, हसतात. एका आजोबांनी एकदा फुलालाच नमस्कार केला होता.

बाबा इथले माळी. म्हणजे कागदोपत्री मी बाबांच्या वर आहे. ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितलेली नाही.

आज दिसलं की सात झुडपांच्या शेंड्याची पानं पिवळी पडलीत. शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या. दोनदा मोजली, सातच. बाबांना दाखवलं. "ऊन लागलं असेल," म्हणाले. पण ती झुडपं तर सावलीत आहेत.

९ एप्रिल
खालची, जुनी पानं पिवळी पडली असती तर खत कमी. सगळंच झाड पिवळं असतं तर पाणी जास्त. वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण जमीन पुरेशी आंबट नसली तर झाडाला ते उचलता येत नाही. हे पुस्तकात आहे. पुस्तकात चित्रही आहे. आमची पानं चित्रासारखी आहेत की मला तसं बघायचंय म्हणून तशी दिसतात, हे कळत नाही.

बाबांना पुस्तक लागत नाही. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबा चिमूटभर माती जिभेवर ठेवतात, थुंकतात आणि सांगतात. आंबट लागली तर फुलं निळी, गोड लागली तर गुलाबी, साबणासारखी लागली तर झाडाचं काही खरं नाही. पदविकेच्या वर्गात मी हे एकदा सांगितलं होतं. सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

आज विचारलं, "बाबा, माती चाखलीत?"
"चाखली."
"मग?"
"ठीक आहे."

हे काय उत्तर झालं? पूर्वी बाबा मातीबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. "काल पाऊस झाला म्हणून जरा फिकी झालीय, पण आतून लिंबाचा धक्का आहे." आता म्हणे, ठीक आहे. मी वर बसले म्हणून असेल का? माझ्या पदामुळे त्यांचं तोंड बंद झालं असेल तर मी हे पद आजच सोडायला हवं. पण हे विचारायचं कसं?

१३ एप्रिल
अखेर मातीची तपासणी केली. माती गाळलेल्या पाण्यात ढवळली, निवळू दिली, रंगपट्टी बुडवली. तीन जागची माती, प्रत्येकी दोनदा. सामू, म्हणजे पुस्तकातला पीएच, पावणेआठ आला. निळ्या फुलांना साडेपाचच्या आसपास हवा.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. सांगताना आवाज उगाच शिक्षिकेसारखा झाला.

"बाबा, सामू वाढलाय. बराच वाढलाय. कमी करायला हवा."

बाबांचा चमचा थांबला. "वाढलाय? तुझ्या त्या पट्टीनं सांगितलं?"

"हो."

"पट्टी खोटं नाही ना बोलत?"

"सहा वेळा बघितलं."

"तरीच," बाबा म्हणाले, "तरीच पानं जळतायत." आणि इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला कानकोंडं झालं. मग म्हणाले, "बरं झालं, मास्तरीण, तू बघितलंस. कमी करू." ते मला लहानपणापासून चिडवताना मास्तरीण म्हणतात. आज चिडवलं नाही.

नंतर त्यांनी वाटाण्याचं सूप दुसऱ्यांदा घेतलं. आजीचा खुबा मोडल्यापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, आई तिच्याकडे आहे आणि स्वयंपाक माझ्याकडे. मला स्वयंपाक येत नाही, हे सर्वमान्य सत्य होतं. पण बाबांनी दोन महिन्यांत एकदाही नावं ठेवली नाहीत. हात बसत चालला असावा.

१४ एप्रिल
आईचा फोन.

"तुझा आवाज का असा?"

"काही नाही गं. सामू वाढलाय. बाबा आणि मी त्याच्याच मागे आहोत."

"कोण हा सामू?"

"कोण नाही, आई. मातीचा सामू."

"कुणाचा?"

"मातीचा!"

"हे बघ, मी घरात नाही म्हणून वाटेल त्याला घरात घेऊ नकोस. आणि तुझे बाबा त्याच्या मागे कशाला?"

दहा मिनिटं समजावलं. पटलं की नाही देव जाणे. शेवटी म्हणाली, "मीठ बेतानं घाल. यांना जरा खारट झालं तरी ताट सरकवतात."

"बाबा काहीच म्हणत नाहीत. उलट मागून घेतात."

"काहीच म्हणत नाहीत?" आई थोडा वेळ गप्प झाली. "तुझे बाबा? माझ्या हातचं पंचवीस वर्षं खाऊन नावं ठेवणारे?"

आईला वाईट वाटलं असावं. मी उगाच फुशारकी मारली.

२० एप्रिल
सामू कमी करायला आज संध्याकाळपासून गंधक घालायला सुरुवात केली. मोजून, प्रत्येक झुडपाला सारखं. बाबा शेजारी उभे राहून बघत होते.

"हे कमी करतं सामू?"

"हो, पण हळूहळू."

"हळू म्हणजे?"

"दोन महिने तरी."

"दोन महिन्यांत कळ्या येतील," म्हणाले. "इतका वेळ कुठे आहे?" आणि अवजारांच्या खोलीकडे गेले.

त्यांचा माझ्या उपायावर विश्वास नाही. साहजिक आहे. त्यांनी पंचवीस वर्षं जिभेवर बाग सांभाळली आणि मी त्यांना कागदाची पट्टी दाखवते.

२९ एप्रिल
पिवळी झुडपं आता अकरा. आज पट्टीचा रंग आठाकडे सरकलाय. गंधकानं सामू उतरायला हवा, तो चढतोय. हे शक्य नाही. म्हणजे मी काहीतरी चुकतेय. पट्ट्या जुन्या असतील, पाणी नीट गाळलेलं नसेल, किंवा मला रंग ओळखता येत नसतील. डोळ्यांच्या रुग्णालयात राहून एवढंही कळू नये! सिस्टरकडे जाऊन डोळे तपासून घेतले. डोळे चांगले आहेत. याचं वाईटच वाटलं.

सकाळी दूध करपलं. मी मोरीत होते; करपल्याचा वास आला तशी धावत आले. बाबा शेगडीपासून हातभर अंतरावर बुटाची नाडी बांधत बसले होते. पातेलं काळंठिक्कर. "अहो बाबा!" म्हटलं तेव्हा दचकले. किती विचार करतात ते या झाडांचा.

५ मे
पानांना लोह थेट मिळावं म्हणून परवा हिराकस पाण्यात विरघळवून फवारलं. आज काही पानं हिरवी झाली आणि काहींवर तपकिरी डाग पडले. म्हणजे आता झुडपांवर पिवळी पानं, हिरवी पानं आणि मी भाजलेली पानं अशी तीन तऱ्हांची पानं आहेत. नोंदवहीत लिहिलं, "मात्रा जास्त झाली. जबाबदार : सहायक." बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "प्रत्येक डागाला नाव लावायची काय गरज आहे? पानाला काय कोर्टात जायचंय?"

१२ मे
अधीक्षक फेरीवर आले. छत्रीच्या टोकानं एक पान उचलून बघितलं.

"हा रोग आहे का?"

"अजून सांगता येत नाही, सर."

"पंधरा जूनपर्यंत कारण लेखी द्या. रोग असेल तर झाडं बदलू. हलगर्जी असेल तर माळी बदलू. फाटकावर माणूस हवाच आहे." मग जरा थांबून म्हणाले, "माळी तुमचे वडील आहेत, हे मला माहीत आहे. तुम्हीही ते लक्षात ठेवा, आणि लिहिताना विसरा."

बाबा चार पावलांवर पाइप धरून उभे होते. त्यांनी ऐकलं. अधीक्षक गेल्यावर पाणी जास्त होतंय म्हणून मीच नळ बंद केला.

बाबा फाटकावर. मला ते चित्र डोळ्यांसमोर आणताच येत नाही. घरात बसले तरी त्यांची बोटं कुंडीतली माती शोधतात. आणि कारण लिहायचंय मला. खरं कारण सापडलं आणि ते बाबाच निघाले तर? असं काही नाहीच, मी उगाच लिहितेय. पण खोडणार नाही. या वहीत खोडायचं नाही असं ठरवलंय.

२७ मे
कारण सापडलं! निदान अर्धं तरी. रॅम्पजवळच्या झुडपाखाली वीतभर खणलं तर चुना-सिमेंटची ढेकळं. जानेवारीत गवंड्यांनी चाकाच्या खुर्च्यांसाठी रॅम्प बांधला आणि उरलेला माल तिथेच मातीत ढकलला. चुन्यानं सामू वाढतो. म्हणजे दोष गवंड्यांचा. बाबांचा नाही, माझाही नाही. मी तिथेच मातीत बसून हसले. एक पेशंट पट्टीखालून विचारत होता, "कोण हसतंय हो?"

मग दुसऱ्या टोकाला खणलं. रॅम्पपासून ते टोक तीस पावलं दूर. तिथे ढेकळं नाहीत. पण पालापाचोळ्याच्या थराखाली पांढरी भुकटी पसरलेली, एकसारखी, हातानं भुरभुरावी तशी. तीही चुन्याचीच. गवंडी तिथे कशाला गेले असतील?

संध्याकाळी ढेकूळ टेबलावर ठेवलं. "बघा बाबा, गवंड्यांचा प्रताप. तुम्ही तेव्हा तापात होतात, म्हणून कळलं नाही."

बाबांनी ढेकूळ हातात घेतलं. बोटांनी चोळलं. बराच वेळ चोळलं. खूश झाले नाहीत.

"तापातून उठल्यावर माती चाखली असेलच की तुम्ही. तेव्हा नाही लागली साबणासारखी?"

"चाखली होती," म्हणाले. आणि ताट तसंच ठेवून बाहेर जाऊन बसले. ताट सरकवलं म्हणजे आज मीठ जास्त पडलं असणार. चाखून बघितलं, बरोबर होतं.

२८ मे
सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "मास्तरीण, सामू वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?"

त्यांना शिकण्यात रस आहे हे बघून मला बरं वाटलं. वहीत रेघ ओढून दाखवलं. "आकडा वाढला म्हणजे आंबटपणा कमी झाला. आकडा कमी झाला म्हणजे आंबटपणा वाढला. उलटं असतं ते."

"उलटं."

"हो. सगळ्यांचाच घोटाळा होतो. आमच्या वर्गात अर्धी मुलं चुकायची."

"मग सामू कमी करायचा म्हणजे आंबट वाढवायचं."

"अगदी बरोबर!" मी म्हटलं. शाबासकीच दिली जवळजवळ.

बाबा उठले. कप विसळून पालथा घातला. त्यांना चहा अर्धा टाकताना मी प्रथमच बघितलं.

५ जून
फुलं आली. गुलाबी. अठराच्या अठरा झुडपांवर, लहान मुलांच्या वाढदिवसाच्या सजावटीसारखी गुलाबी.

पेशंटमध्ये एक घड्याळजी आहेत. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, आता मोतीबिंदू काढलाय. आज त्यांची पट्टी सुटली. सिस्टर त्यांना घेऊन आली. ती रोज येते, त्यामुळे फुलांकडे बघत नाही, कागदाकडे बघते.

"आजोबा, रंग कोणता?"

"गुलाबी."

"नीट बघा हं. घाई नाही."

"नीटच बघतोय, बाई. गुलाबी."

सिस्टरचा चेहरा उतरला. "आजोबा, ही फुलं निळी आहेत."

"मग मला जुनाच डोळा परत बसवा," घड्याळजी म्हणाले.

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. मीच ओरडून थांबवलं. मग तिनं वर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. सगळा व्हरांडा हसला. घड्याळजी तर सगळ्यांत जास्त. "मी चाळीस वर्षं सेकंदाचा हिशेब केला आणि ही मला रंग शिकवते!"

बाबा हसले नाहीत. ते शेवटच्या झुडपापाशी उकिडवे बसले होते. चिमूट तोंडात, थुंकलं. पुन्हा चिमूट. मग मूठभर. मूठभर माती तोंडात घालून ते चावत होते. मी जवळ गेले तर तोंड पुसलं आणि म्हणाले, "दात शिवशिवत होते." माती खाल्ल्यानं दात शिवशिवायचे थांबतात, असं मी कुठेच वाचलेलं नाही.

८ जून
पांढऱ्या भुकटीचं कोडं सुटत नाही. गवंड्यांच्या मुकादमाला भेटले. तो म्हणाला, "ताई, आम्ही आळशी माणसं. तीस पावलं चालून कचरा टाकू?" हे पटण्यासारखं आहे.

मग एकच शक्यता उरते. अवजारांच्या खोलीत गंधक आणि चुना एकाच फळीवर आहेत. मीच गंधक समजून चुना टाकला. पण गंधक पिवळं असतं. मी पिवळं टाकलेलं मला आठवतंय. की तसं आठवावं असं वाटतंय? चुन्याची पिशवी निम्मी झालीय. झाडांच्या आळ्यांच्या कडा रंगवण्यापलीकडे चुन्याला हात लावायचं कुणाला कारणच नाही. सगळे पुरावे माझ्याकडे बोट दाखवतात, फक्त मला ते केल्याचं आठवत नाही. नोंदवहीत काय लिहू?

१० जून
आज जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच समजणार नाही.

दुपारी सूप केलं. मन थाऱ्यावर नव्हतं. मीठ घातलं. मग घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. मग, आता लिहिताना लक्षात येतंय, तिसऱ्यांदाही. बाबांनी आधी वाढून घेतलं. पूर्ण वाटी संपवली. "छान झालंय," म्हणाले, "हात बसला तुझा."

मी एक चमचा तोंडात घातला आणि मोरीकडे धावले. समुद्राचं पाणी परवडलं.

परत आले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. दूध आठवलं. आईची फोनवरची शांतता आठवली. मागून घेतलेल्या सगळ्या वाट्या आठवल्या. हात बसला नव्हता.

"बाबा, कधीपासून?"

ते वाटी फिरवत राहिले. "जानेवारीचा ताप उतरला, तेव्हापासून. वासही नाही, चवही नाही. तोंडात नुसतं ऊन-गार कळतं."

"आणि माती?"

"कापूस चावल्यासारखी."

"मला सांगायचं ना!"

"काय सांगू? माळ्याची जीभ गेली? गवयानं सांगावं का, गळा गेला म्हणून?" मग आवाज खाली आला. "म्हटलं येईल परत. तेवढ्यात तू पट्टी घेऊन आलीस. देवच पावला. म्हटलं, आता पोरीची पट्टी हीच आपली जीभ. तू म्हणालीस सामू वाढलाय. मला वाटलं, मास्तर लोक आंबटपणाला सामू म्हणत असतील. आंबट फार झालं की पानं जळतातच. मग मी रोज सकाळी चुना टाकत गेलो. तुझं गंधक हळू होतं म्हणालीस, म्हटलं तेवढीच मदत."

मी दोन महिने समजत होते की बाबांचा माझ्यावर विश्वास नाही.

मी संध्याकाळी गंधक घालत होते, ते सकाळी चुना. एकाच झाडाला, एकाच शब्दासाठी.

११ जून
दिवसभर शब्दाचा विचार केला. "आंबटपणा कमी झालाय" म्हणाले असते तर बाबा बरोबर समजले असते. तुरटी घातली असती, चहाचा चोथा घातला असता. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला आंबट हा शब्द माहीत होता. मी तो वापरला नाही, कारण तो बाबांचा शब्द होता आणि मला माझा वापरायचा होता. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

१२ जून
अहवालाचे तीन कच्चे खर्डे झाले. पहिल्यात "चुना लावला" असं लिहिलं गेलं. अधीक्षक म्हणाले असते, कुणी कुणाला? ते खोडून "चुना टाकला" केलं. (तो अहवाल आहे, या वहीत खोडलेलं नाही.)

बाबा समोर बसले होते. "लिही, माळ्यानं चुना टाकला. संपलं."

"का टाकला, तेही लिहावं लागेल."

"तुझं नाव नको घालूस. तू अजून कायम नाहीस."

"माझ्या बोलण्यावरून टाकलात. ते लिहिणारच."

"हट्टी आहेस."

"कुणासारखी?"

त्यावर हसले थोडे. मग म्हणाले, "बरं, चूक लिही. तुझी लिही, माझी लिही. पण जीभ लिहू नको. चुकलेल्या माळ्याला एकदा माफ करतात. जीभ गेलेल्याला बागेत कोण ठेवेल? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर मी काय करणार? अहवालात जे आहे ते सगळं खरं आहे. पण जे नाही त्याचं काय? न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं का? पदविकेच्या सरांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

१५ जून
अहवाल दिला. दीड पान. गवंड्यांची ढेकळं, त्यामुळे वाढलेला सामू, मी बाबांना दिलेली तोंडी सूचना, तिच्यातला संदिग्ध शब्द, त्यावरून टाकलेला चुना. उपाय : चुन्याचा थर काढणं, वरची माती बदलणं, गंधक चालू ठेवणं. फुलं दोन हंगामांत निळी व्हावीत.

अधीक्षकांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे माळ्यानं सांगितलं तसं केलं."

"होय, सर."

"आणि सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं."

"होय, सर."

"सांगणाऱ्या तुम्ही."

"होय."

"प्रामाणिक आहात," म्हणाले. "पण सूचना देता येत नसेल तर सहायक ठेवून उपयोग काय? जूनअखेर मुदत संपते, ती वाढवता येईल असं वाटत नाही."

मी आभार मानून बाहेर आले. आभार कशाचे मानले ते कळलं नाही. बाबांना सांगितलं. ते खुरपं पुसत होते; पुसतच राहिले. मी म्हटलं, "तुम्ही बागेत राहाल. मी दुसरीकडे बघेन. यात वाईट काहीच नाही." खरंच तसं वाटत होतं. रडू आलं ते वेगळ्या कारणानं असेल.

१७ जून
काहीच समजत नाहीये.

सकाळी अधीक्षकांनी बोलावलं. म्हणाले, "तुम्हाला कायम करायची शिफारस करतोय. माळी पहिल्या तारखेपासून फाटकावर."

"पण सर, अहवालात तर..."

"अहवालात नाही, ते माळ्यानं काल येऊन सांगितलं. वास येत नाही, चव कळत नाही. पाच महिने! हा माणूस कीटकनाशकं फवारतो. उद्या बाटली गळाली तर त्याला कळणारही नाही. शिक्षा नाही ही. मी त्याला फवारणीजवळ ठेवूच शकत नाही. आणि जो माळी स्वतःची अडचण लपवतो, त्याला मुलगी काय सूचना देणार? दोष तुमचा नाही."

मी म्हटलं, दोष माझाही आहे, शब्द माझा होता. ते म्हणाले, "एकाच प्रकरणात किती जण दोषी व्हायला बघताय? जा आता."

सिस्टरनं बाबांना नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं. परत येईलही, नाहीही.

संध्याकाळी बाबांना विचारलं. "मला शपथ घातलीत आणि स्वतःच सांगून आलात? माझा अहवाल नीट होता. तुम्ही बागेत राहिला असतात!"

"तुझ्या लिहिण्यात एक शब्द राहिला होता," म्हणाले, "तो सांगून आलो."

"पण का?"

"तूच म्हणतेस ना, सगळं लिहायचं म्हणून."

माझ्या काटेकोरपणाची लागण त्यांना झाली आणि त्यात बाग गेली. आईला फोन केला. मी सगळं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "तरी मी म्हणत होते." मग म्हणाली, "अगं वेडे," आणि फोन ठेवला. वेडी कशासाठी, ते सांगितलं नाही.

२४ जून
सगळा आठवडा चुना काढण्यात गेला. बाबा भराभर सांगत होते, मी लिहून घेत होते : कुठल्या झुडपाची मुळं उथळ, कुठलं उशिरा जागं होतं, कुठल्याला वारा सोसत नाही. अठरा झुडपं, अठरा पानं भरली. सोळाव्याबद्दल म्हणाले, "हे लबाड आहे. सुकल्याचं सोंग करतं. पाणी देऊ नकोस, नुसती जवळ उभी राहा." हे कसं लिहायचं ते कळेना. जसंच्या तसं लिहिलं. नोंदवहीत. कामाच्या.

१ जुलै
सकाळी आठला फाटकाशी पोचले. बाबा खाकी सदऱ्यात. बाह्या लांब होत्या, दोन दुमडी घालून वर केलेल्या. टोपी सरळ. मला कुठे बघावं ते कळेना.

त्यांनी हात आडवा केला.

"कुठे निघालात?"

"बाबा..."

"बाबा घरी. इथे नोंद करावी लागते." वही पुढे केली. पहिल्याच पानावर त्यांनी बोटानं जागा दाखवली. "काय काम?"

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "माळी."

बाबांनी वही हातात धरून त्या शब्दाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हात बाजूला घेतला.

"जा, मग," म्हणाले. "ऊन चढायच्या आत पाणी दे."